शेकरूचा टाक

मी टाक करते. शहापूरच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानाला लागून माझा छोटासा गाळा आहे, त्यात बसून. ज्यांच्या घरात टाक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. घरातलं माणूस गेलं की चांदीच्या बोटभर पत्र्यावर त्याची आकृती उठवतात आणि ती देवघरात देवांशेजारी बसवतात. तो टाक. बाप्याचा ठसा वेगळा, बाईचा वेगळा. लग्न न होता एखादा पोरगा गेला तर त्याचा वीर करतात. वीर घोड्यावर असतो. जो नवरदेव होऊन कधी घोड्यावर बसला नाही, त्याला निदान असा बसवायचा, एवढाच त्यातला अर्थ.

ठसे माझ्या आजेसासऱ्यांचे. माझा नवरा गेल्यावर सासऱ्यांनी मला हातोडी धरायला शिकवलं आणि दोन गोष्टी बजावल्या. एका टाकात दोन धातू घालायचे नाहीत, घरात भांडण लागतं. आणि देवघरात एकदा बसलेला टाक पुन्हा जागेवरून उठवायचा नाही. मी तीस वर्षं दोन्ही पाळल्या. माझं तोंड वाईट आहे, हे बाजारात कोणीही सांगेल, पण माझ्या टाकाला नाव ठेवलेलं कोणी ऐकलं नाही.

गेल्या श्रावणात धाऊ आणि देवकी माझ्याकडे आले. नवराबायको, मुरबाड तालुक्यातले, सिद्धगडाच्या पायथ्याशी एका वाडीत राहणारे. घरची भातशेती. लावणी नुकतीच उरकलेली होती, दोघांच्या पायांना अजून चिखल्या दिसत होत्या. मशीनवर काढलेले टाक हल्ली कुठेही मिळतात, पण धाऊला हाताने ठोकलेला हवा होता. त्यांचा मोठा मुलगा ऋतिक आदल्या वर्षी भाद्रपदात डेंग्यूने पाच दिवसांत गेला. चोवीस वर्षांचा होता. वाशिंदच्या एका कारखान्यात कामाला जायचा आणि तिथेच खोली घेऊन राहायचा. वर्षश्राद्धाच्या दिवशी त्याचा टाक बसवायचा होता.

"लगीन झालेलं?" मी विचारलं.

"नाय," धाऊ म्हणाला. "घोड्यावरचा करा ताराबाय. पन घोडा चांगला करा. उभा नको, पळता करा."

मी वीराचा ठसा काढून फळीवर ठेवला. देवकी पुढे सरकली. तिने ठसा उचलला, पदराने पुसला, उजेडात धरला, उलटा करून पाहिला.

"याला तोंड कुठं हाय?" तिने विचारलं.

खरं सांगायचं तर नव्हतंच. तीन पिढ्या हातोडी खाऊन स्वाराचा चेहरा झिजून गुळगुळीत झाला होता. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. "टाकाला तोंड नसतं बाई, मान असतो," मी म्हटलं. देवकीने ठसा होता तिथे ठेवला.

"तोंड नाय तेच बरं हाय," धाऊ म्हणाला आणि उठला. मला ते खटकलं. पण गिऱ्हाईकाच्या घरात डोकवायचं नाही, असंही सासरे सांगायचे.

चार दिवसांनी एक तरुण मुलगी आली. गळ्यात मंगळसूत्र, हातात डबा. मी रेश्मा, ऋतिकची धाकटी बहीण, आसनगावला दिलेली, असं तिने सांगितलं. मग पर्समधून एक कीचेन काढून फळीवर ठेवली.

काचेसारख्या जाड प्लास्टिकची कीचेन होती. आत एक रंगीत प्राणी. तो दोन पायांवर उभा होता, माणसासारखा. अंगात शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मागे झुबकेदार शेपूट, मोठे ओले डोळे, ओठांवर जरासं हसू. अंग अर्धं तांबूस, अर्धं दुधी.

"मावशी, दादाचा टाक असा करा."

"ही काय गो, खार?"

"खार नाय. शेकरू. आमच्या रानात असतं."

मी चष्मा कपाळावर सरकवला. "देवघर हाय का सर्कस? उद्या म्हणशील बापाचं अस्वल करा. देवाच्या बाजूला शर्ट घातलेलं जनावर बसवाचं? नाकापेक्षा मोती जड झाला तुमचा. जा घरी."

ती गेली नाही. समोरच्या स्टुलावर बसली आणि हळूहळू सांगू लागली. जपानात अशी चित्रं काढतात. प्राणीच, पण माणसासारखे चालणारे, बोलणारे, कपडे घालणारे. त्याला केमोनो म्हणतात. असली चित्रं आवडणाऱ्या जगभरच्या लोकांची फोनवर ओळख होते, आणि तिथे बरेच जण आपला एकेक प्राणी ठरवतात. तोच त्यांचं नाव, तोच त्यांचं तोंड. ऋतिक आधी फोनवर बोटाने काढायचा, मग ओव्हरटाइम करून चित्रं काढायचा टॅब घेतला. लोक त्याला आपापले प्राणी काढून द्यायला सांगायचे. ही कीचेन जपानातल्या एका मित्राने त्याच्या चित्रावरून बनवून पाठवली होती.

"आणि स्वतःसाठी यानं खार निवडली," मी म्हटलं.

"शेकरू दोन रंगाचं असतं मावशी. दादाच्या अंगावर कोड होतं."

तेव्हा मला कीचेन ओळखू आली.

दोन वर्षांपूर्वी एक पोरगा माझ्या गाळ्यात आला होता. पाठीवर सॅक, सॅकला हीच कीचेन. एप्रिलच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. ओठाशी, डोळ्याभोवती, हातांवर पांढरे डाग. म्हणाला, मावशी, तुमचे ठसे बघू का, मला चित्रं काढायला आवडतात. मी दाखवले, पण लांबून. वाघोबाचा ठसा बघून त्याचे डोळे चमकले आणि त्याने हात पुढे केला. मी तो ठसा त्याच्या हातात दिला नाही. फळीवर ठेवला आणि म्हटलं, असाच बघ. त्याला कळलं. कळणारच, जन्मभर तो तेच पाहत आला होता. त्याने दोन्ही हात पाठीमागे धरले आणि वाकून, नाक फळीला लागेल इतकं वाकून, वाघोबा पाहिला. जाताना 'थँक्यू मावशी' म्हणाला. तो गेल्यावर मी तो ठसा चिंचेने घासला. कोड लागत नाही हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं. तरी घासला.

हे मी रेश्माला सांगितलं नाही. लाज वाटली. तिला चहा मागवला एवढंच.

चहा घेताना बाकीचं कळलं. घरात कोड आहे असं कळलं तर पोरीला कोण पदरात घेणार, म्हणून धाऊने मुलाला झाकायला सुरुवात केली. रेश्माला बघायला पाहुणे यायचे, तेव्हा ऋतिकला वाशिंदहून येऊ नको असा निरोप जायचा. लग्नाच्या दिवशी तो आला, पण मांडवात नव्हता. मागे चुलाणापाशी, पूर्ण बाह्यांच्या शर्टात, पाणी भरत होता. बहिणीच्या अक्षता त्याने तिथूनच टाकल्या.

"आणि सासरी कधी कळलं?" मी विचारलं.

"दादा गेला तवा. मीच सांगितलं माझ्या नवऱ्याला. तो म्हणला, एवढंच होतं?" रेश्माने कप खाली ठेवला. "एवढ्यासाठी माझा भाऊ माझ्या लग्नात नव्हता मावशी. आता वर्षश्राद्धाला सगळे जमतील आणि बिनतोंडाचा स्वार बघून नमस्कार करतील. एकदा बसला की तो काय परत उठाचा नाय. म्हणजे दादा घरात कधीच नव्हता असं होईल."

मला तिचं पटलं, पण मी म्हटलं, "गो, टाक तुझ्या बापानं सांगितलाय. त्याला घेऊन ये. त्याच्या तोंडून आल्याशिवाय मी हातोडी उचलणार नाय."

पुढच्या आठवड्यात ती धाऊला घेऊन आली. तो आधीच चिडलेला होता, बसलाही नाही.

"लोकं काय म्हनतील? धाऊनं पोराची खारूटी केली?" तो माझ्याकडे बघून बोलत होता, पोरीकडे नाही. "ताराबाय, त्याला जितेपणी घोड्यावर कोन बसवनार होतं? कोन देनार होतं पोरगी? मी चार ठिकानी इचारलं, चारी ठिकानी दारातनंच माघारी लावला. मेल्यावर तरी बसूंदे त्याला. बापानं पोराला घोडा देऊ नये का?"

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी त्याला नुसता झाकाझाकी करणारा बाप समजत होते.

"दादाला घोडा नको होता बाबा," रेश्मा म्हणाली. "त्याला मांडवात तुमच्या शेजारी उभं राहाचं होतं."

रेश्माने फोन काढला, त्यावर काहीतरी उघडलं आणि धाऊच्या हातात दिला. त्याचं बोट चुकून कुठेतरी लागलं आणि चित्र नाहीसं झालं. तो घाबरला. "गेलं? मी घालवलं?" तिने परत उघडून दिलं आणि मीही मान लांब करून पाहिलं.

ऋतिक गेल्याची बातमी तिने तिसऱ्या दिवशी त्याच्या फोनवरच्या पानावर लिहिली होती. त्यावर लोकांनी चित्रं पाठवली होती, एकामागून एक. प्रत्येक चित्रात मध्ये शेकरू, आणि बाजूला पाठवणाऱ्याचा प्राणी. अस्वल, बगळा, सील मासा, दोन कोल्हे, एक म्हातारं कासव. कोणी जपानी झगा घातलेला, कोणी साधी पँट. सगळे गुडघे टेकून, माना खाली घालून बसलेले. रडारड कोणाचीच नव्हती. एका चित्रात तर सगळ्यांनी मिळून रांग केली होती, एकाने काढलेल्या रांगेला दुसऱ्याने पुढे जोडलं होतं, आणि ती रांग रेश्मा सरकवत होती तरी संपत नव्हती.

"हे कोन?" धाऊने विचारलं.

"दादाचे दोस्त. बगळा जपानची बाई हाय. अस्वल ब्राझीलचं. हा कोल्हा आपल्या नागपूरचा."

"यांनी त्याला बघितलेला?"

"नाय. शेकरूच बघितलेलं."

"म्हंजे कोडाचं ठाऊक नसनार यांना."

"दादानं सगळ्यात आधी तेच सांगितलं होतं बाबा. म्हनून तर शेकरू. त्यांनी एवढंच इचारलं, हा प्रानी खरोखर असतो का. मग दादानं सिद्धगडच्या झाडांवरचे फोटो पाठवले."

धाऊचं बोट एका चित्रावर थांबलं. त्यातल्या प्रत्येक प्राण्याने पंजांची ओंजळ केली होती आणि ओंजळीत पांढरं काहीतरी होतं.

"हे काय धरलंय?"

"तांदूळ. त्या बगळाबाईनं इचारलेलं, तुमच्याकडं गेलेल्या मानसाला काय वाहतात. मी सांगितलं, आमी भाताची मानसं, तांदूळ वाहतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तांदूळ घेतले."

बाहेर भांडीवाला कोणाशी तरी हुज्जत घालत होता. धाऊ चित्राकडे बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "आपल्या दहाव्याला एवढी नव्हती आली."

रेश्माने तिथेच थांबायला हवं होतं. पण ती बापाचीच लेक, मनात आलेलं तिच्याही पोटात राहत नाही. "त्यानं घरच्या सगळ्यांना काढलेलं," ती म्हणाली. "आईला होला पाखरू. मला उदमांजर. तुमाला खवल्या मांजर."

"खवल्या? मला?"

"हात लावला का गुंडाळून घेतो तो. वरनं सगळे खवले, पोटाला मऊ. दादाच बोलला तसं. खाली लिवलेलं, 'बाबा'."

"कुठं हाय ते?"

"वहीत होतं. वह्या जाळल्यात ना तुमी."

त्यांच्या वाडीत दहाव्या दिवशी नदीवर मेलेल्या माणसाचं अंथरूण जाळतात, आणि त्याच्याबरोबर ज्या वस्तूवर त्याचा जीव होता ती वस्तूही. नाहीतर मन मागे अडकतं आणि त्याला पुढे जाता येत नाही. धाऊने गोधडीबरोबर पाच वह्या आणि तो टॅब आगीत घातला होता. त्यात वाईट हेतू काही नव्हता, पोराला मोकळं करायचं म्हणूनच घातला. पण घालण्याआधी एकही वही उघडून पाहिली नव्हती.

धाऊने फोन परत दिला. चपला घातल्या. पायरीवरून मागे वळून न बघता म्हणाला, "घोडाच करा ताराबाय."

मी घोडा केला. सांगेल ते करायचं, हा माझा धंदा. पळता घोडा, चारी पाय उचललेले, आयाळ उडती. इतका चांगला घोडा मी दहा वर्षांत केला नव्हता. पण त्यावरच्या स्वाराकडे बघितलं की मला फळीवर वाकून वाघोबा बघणारा तो पोरगा दिसायचा, हात पाठीमागे धरलेला. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. माझं तर काही जळलं नव्हतं. मी फक्त एक ठसा हातात दिला नव्हता. तरी जेवण जाईना.

शेवटी एका दुपारी मी कीचेन समोर ठेवली. रेश्मा ती विसरून गेली होती, की मुद्दाम ठेवून गेली होती, तिचं तिला ठाऊक. तांब्याचा पत्रा घेतला आणि शेकरू ठोकायला बसले. ठसा नव्हता, सगळं हाताने, लाखेवर पत्रा बसवून आणि बारीक छिन्नीने. शर्टाच्या दुमडलेल्या बाह्या करताना दोनदा पत्रा फाटला. तांबूस भाग तांब्याचा झाला. दुधी भागाला काय करायचं ते मला आधीपासून माहीत होतं, फक्त हात धजत नव्हता. मग सासऱ्यांच्या फोटोकडे पाठ करून बसले आणि घरच्या मोडीतल्या चांदीचे पातळ तुकडे कापून तांब्यावर झाळून बसवले. एका टाकात दोन धातू. भांडण लागायचं ते त्या घरात आधीच लागून गेलं होतं.

गणपती गेल्यावर धाऊ एकटाच आला. मी पितळेच्या ताटलीत दोन्ही टाक ठेवून ताटली त्याच्या पुढे केली. म्हटलं, "घोडा तुमी सांगितलेला. दुसरा मी माझ्या मनानं केलाय. तो नको असंल तर शिव्या देऊन मोडा, ऐकून घेईन."

त्याने आधी घोडा उचलला. अंगठ्याने आयाळीवरून हात फिरवला आणि ठेवला. मग शेकरू उचलला. खूप वेळ पाहिला. रस्त्यावरच्या उजेडात नेऊन पाहिला.

"हे चुकलंय," तो म्हणाला.

माझा पारा चढला. "काय चुकलंय? चित्राबरहुकूम केलंय. पोट पांढरं, शेपटीचं टोक पांढरं. कुठं चुकलंय दाखवा."

"शेकरूचं बरोबर हाय." त्याचा आवाज खाली गेला होता. "ऋतिकचं चुकलंय."

तो स्टुलावर बसला. टाक तळहातावर ठेवला आणि करंगळीच्या नखाने दाखवू लागला. "हिकडनं सुरू झालं. ओठाच्या या कोपऱ्यातनं. तिसरीत होता तवा. मग डावा डोळा, वरची पापनी सगळी, खालची अर्धी. कानामागं चिंचोक्याएवढा. गळ्याखाली हिथं. उजवा तळहात पुरा, डाव्याची तीन बोटं. सहा वर्सं रोज सकाळी बावचीचं तेल चोळलं मी त्याला, उन्हात बसवून. आग व्हयाची तेलानं. रडाचा, पन हात मागं घ्याचा नाय. मला एकेक डाग पाठ हाय ताराबाय. शेतात गेलो तरी माज्या डोळ्यापुढं असाचे, वाढले का थांबले."

ज्याने पोराला सगळ्यांपासून झाकलं, त्याला पोराच्या अंगावरचा डाग न् डाग आपल्या शेताच्या बांधांसारखा ठाऊक होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. धाऊ रडला नाही. तो परत पहिल्यापासून सांगू लागला, आणि मी खडूने फळीवर लिहून घेऊ लागले. ओठाचा डावा कोपरा. डावा डोळा. कानामागे. गळा. उजवा तळहात.

"आणि हा घोडा?" मी शेवटी विचारलं.

त्याने घोड्याकडे पाहिलं. "मोडा. त्याचीच चांदी या डागांना लावा. मी दिलेला घोडा तेवढा तरी त्याच्या अंगाला लागूंदे."

मी घोडा वितळवला. आपल्याच हाताने केलेला इतका चांगला घोडा वितळवताना जीव जातो, पण वितळवला. शेकरू पुन्हा पहिल्यापासून केला. चेहरा थोडा मोठा घेतला, तळहात पुढे उघडे धरलेले केले, कारण उजवा तळहात दिसायला हवा होता. घोड्याची चांदी पत्रा करून कापली आणि एकेक तुकडा धाऊने सांगितला तिथे बसवला. कानामागचा तुकडा चिमट्यात धरवत नव्हता, इतका लहान होता.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी धाऊ आणि देवकी दोघं टाक न्यायला आले. रिवाज असा की टाक तांदळावर ठेवून, वरून कापड झाकून द्यायचा. मी आधी तो देवकीला दाखवला. फळीवर ठेवला नाही, तिच्या हातात दिला, माझ्या हातातून तिच्या हातात.

देवकीने बोट फिरवलं. ओठाच्या कोपऱ्यावर थांबलं, डोळ्यावर गेलं, मग उघड्या तळहातावर आलं. लांब शेपूट तिने बघितलंही नसेल.

"हा माजा," ती म्हणाली. टाक तांदळात ठेवला, कापड घातलं आणि दोन्ही हातांनी ताटली छातीशी धरून बाहेर जीपपाशी जाऊन उभी राहिली.

धाऊ मागे रेंगाळला.

"आजून एक काम होतं," तो म्हणाला. "माजाबी ठसा करून ठेवा."

"तुमचा? वेड लागलंय का? अजून दहा लावण्या करशाल."

"करीन. पन मी गेल्यावर ही लोकं मला पागोट्यातला बाप्या करून ठेवतील. मला त्याच्या बाजूला बसाचं हाय ताराबाय. त्यानं वळखाया पाहिजे ना मला. तो मला खवल्या म्हनून वळखतो."

मी खणातून पेन्सिल काढली. मग म्हटलं, "पण चित्र कुठं हाय? कशावरनं करू?"

"चित्र मी जाळलं," धाऊ म्हणाला. तो हे पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने बोलत होता.

मी बिलाचा कागद उलटा करून त्याच्यापुढे ठेवला आणि पेन्सिल दिली. "मग तुमीच काढा."

त्याने पेन्सिल विळ्यासारखी मुठीत धरली. सहीपुरता शिकलेला माणूस. आधी एक वाकडी रेघ मारली, मग तिच्या खाली दुसरी. मग खवले काढायला लागला, एकेक, जिभेचं टोक दातात धरून. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. देवकी त्याला थांब म्हणत असावी, कारण हॉर्न बंद झाला. अर्ध्या तासाने त्याने कागद माझ्याकडे सरकवला. ते खवल्या मांजर कमी आणि फणस जास्त दिसत होतं. मी हसले नाही.

"गुंडाळलेला नाय काढला?" मी विचारलं.

"नको. उभा करा. त्याच्यासारखाच दोन पायांवर." त्याने फणसाच्या मध्ये मोकळी सोडलेली जागा बोटाने दाखवली. तिथे एकही खवला नव्हता. "आनि पोट उघडं ठेवा."

त्या कागदावरून मी ठसा कोरला. कापडात बांधून माझ्या खणात ठेवला आहे, वाघोबाच्या ठशाशेजारी. धाऊ अधूनमधून शहापूरला येतो, पायरीवरून डोकावतो आणि विचारतो, "हाय ना?"

"हाय," मी सांगते. "घाई नाय."